फळी बाजारात मिळत नाही

२०२२ सालच्या १३ फेब्रुवारीस लॉस एंजेलिसजवळ इंगलवुड येथे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, म्हणजे सुपर बोल, रंगला होता. सिनसिनाटी बेंगल्स तीन गुणांनी मागे होते, मिनिटभराहून कमी अवधी उरला होता आणि हवा होता अवघा एक यार्ड. पलीकडे जमार चेस आपल्या पहारेकऱ्याला मागे टाकून मोकळा धावत होता. पण चेंडू ज्याच्या हाती होता, त्या जो बरो या क्वार्टरबॅकला तिकडे पाहण्याची उसंतच मिळाली नाही. रॅम्स संघाचा आरन डॉनल्ड फळी भेदून अंगावर आला, बरोने पडता पडता चेंडू भिरकावला आणि तो जमिनीवर पडला. रॅम्स २३-२० असे जिंकले. त्या सामन्यात बरोला सात वेळा लोळवण्यात आले होते. त्याआधी साखळी सामन्यांत एक्कावन्न वेळा.

हा खेळ आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे. यात क्वार्टरबॅकसमोर पाच धिप्पाड माणसे उभी असतात: मधला सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, कडेला टॅकल. पुढे फेकलेला चेंडू झेलण्याची मुभा त्यांना एरवी नसते. समोरून धावून येणाऱ्यांना दोन-तीन सेकंद थोपवून धरणे, एवढेच त्यांचे काम. ज्याने कबड्डीतली साखळी पाहिली आहे त्याला यातले मर्म चटकन कळेल. हात धरलेल्या दोघांपैकी एक क्षणभर आधी सुटला, तर दुसरा कितीही बलदंड असला तरी चढाईपटू निसटतोच.

सिनसिनाटीच्या दुखण्याचे प्रचलित निदान असे, की २०२१ च्या निवडीत पाचव्या क्रमांकावर त्यांनी चेस घेतला आणि पेनेई स्यूएल हा टॅकल सोडला. स्यूएल सातव्या क्रमांकावर डेट्रॉइटकडे गेला आणि पुढे तेथील उत्तम फळीचा आधार झाला. आम्हांस हे निदान पटत नाही. चेस नसता तर तो संघ अंतिम सामन्यापर्यंत पोचता का, हा प्रश्न आहेच. परंतु मुख्य आक्षेप निराळा आहे. फळी एका निवडीने बिघडत नाही आणि एका निवडीने सुधारतही नाही. (बरोला चेंडू अंमळ जास्त वेळ हातात ठेवण्याची खोड आहे, हेही येथेच मान्य करून टाकतो.)

आमच्या मते ही पडझड २०१७ मध्ये सुरू झाली. त्या वसंतात अकरा हंगाम खेळलेला अँड्र्यू व्हिटवर्थ हा डावा टॅकल रॅम्सकडे गेला आणि केव्हिन झाइटलर हा गार्ड क्लीव्हलंडला. पस्तिशीच्या माणसावर किती वर्षे पैसे लावायचे, असा व्यवहारी हिशेब त्यामागे असणार. वारस म्हणून २०१५ मध्येच पहिल्या दोन फेऱ्यांत दोन टॅकल घेऊन ठेवलेले होते. कागदावर सारे चोख होते. ते दोघेही तेथे टिकले नाहीत. आणि २०२२ च्या त्या संध्याकाळी रॅम्सचा डावा टॅकल होता तोच व्हिटवर्थ, वयाच्या चाळिसाव्या वर्षी.

त्याच्यासोबत जे गेले ते कोणत्याही करारपत्रात नोंदवलेले नव्हते. समोरचे दोन बचावपटू ऐन वेळी एकमेकांच्या जागा ओलांडतात, तेव्हा गार्ड आणि टॅकल यांना आपापला प्रतिस्पर्धी दुसऱ्याच्या स्वाधीन करावा लागतो. तेथे बोलायला वेळ नसतो. शेजाऱ्याचा खांदा किंचित वळला की आपला माणूस आता त्याचा झाला, हे अंगाला कळावे लागते, आणि ते शेकडो वेळा एकत्र चुकल्यावरच कळते. नेमका हा सराव आता दुर्मीळ झाला आहे. २०११ च्या करारानुसार हंगामात पूर्ण चिलखतानिशी सराव चौदाच करता येतात. खेळाडूंच्या देहाचा विचार करता ते योग्यच म्हणावे लागेल. महाविद्यालयीन संघ झटपट फेकीच्या पसरट खेळाकडे वळल्याने तेथून येणारी मुलेही या कामात कच्ची असतात.

सिनसिनाटीने मग बाजार गाठला. २०२२ मध्ये तीन अनुभवी गडी एकदम आणले. हंगाम सरता सरता त्यांतले दोन आणि जुना डावा टॅकल जायबंदी झाले, आणि जानेवारी २०२३ मध्ये कॅन्सस सिटीने पुन्हा २३-२० असेच हरवले.

याउलट फिलाडेल्फिया. जॉर्डन मायलाटा हा ऑस्ट्रेलियन रग्बी खेळाडू त्यांनी २०१८ मध्ये सातव्या म्हणजे अखेरच्या फेरीत घेतला. तो हा खेळ कधी खेळलेलाच नव्हता. पहिले दोन हंगाम तो एकही अधिकृत सामना खेळला नाही. २०१३ मध्ये फळीचे प्रशिक्षक झालेले जेफ स्टाउटलंड यांनी त्याला घडवले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तो विजेत्या संघाचा डावा टॅकल होता. दोन वर्षे न खेळणाऱ्या माणसाला जपणे किती संघमालकांना परवडते? परवडत नाही असे नव्हे, ते दिसत नाही म्हणून सुचत नाही.

कारण गुणपत्रकात या पाचांसाठी रकानाच नसतो. ते चुकले तरच नोंद होते. शाहिराचे नाव राहते, झीलकऱ्यांचे राहत नाही, तशातला हा प्रकार. मायकेल लुइस यांच्या ‘द ब्लाइंड साइड’ या २००६ च्या पुस्तकाने डाव्या टॅकलचे मोल सामान्य वाचकाला समजावले खरे. पण त्या पुस्तकानेही अखेर फळीतून एकच माणूस उचलून त्याला नायक केले. चरित्रनायकाविना कथा सांगता येत नाही ही साहित्याची जुनी अडचण संघांच्या कचेऱ्यांतही शिरली आहे काय, अशी शंका आम्हांस येते.

असो. २०२४ च्या पहिल्या फेरीत सिनसिनाटीने पुन्हा एक टॅकल निवडला, जॉर्जिया विद्यापीठाचा अमॅरियस मिम्स. महाविद्यालयात तो सुरुवातीच्या संघातून एकूण आठ सामने खेळला होता.