इसब, झोप आणि अभ्यास

तीव्र इसब झालेला विद्यार्थी अभ्यासात मागे पडला की त्याचे खापर बहुधा त्याच्या आळसावर फोडले जाते. तो वर्गात पेंगतो, लिहिता लिहिता हात खाजवितो आणि वारंवार गैरहजर राहतो, एवढेच शिक्षकांच्या दृष्टीस पडते. त्याची रात्र मात्र त्यांनी पाहिलेली नसते.

या रोगात त्वचेचे बाह्य आवरण दुबळे होते. त्यातील ओलावा निघून जातो, बाहेरचे क्षोभक पदार्थ आत शिरतात आणि दाह सुरू होतो. दाह शमविणाऱ्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाचे प्रमाण रात्री उतरते, अंथरुणात त्वचा उबदार होते आणि कंड बळावते. झोप पुनःपुन्हा मोडते. अवधान व स्मरण ही दोन्ही झोपेवर अवलंबून असल्यामुळे रात्रीच्या कंडेची किंमत मुलाला सकाळच्या तासाला मोजावी लागते. म्हणून इसबाची चिकित्सा हा केवळ रूपाचा प्रश्न नव्हे. तो शिक्षणाचाही प्रश्न होय.

मात्र गुंगी आणणाऱ्या जुन्या हिस्टामिनविरोधी गोळ्या रोज देत राहणे हा खरा उपाय नव्हे. इसबाची कंड प्रामुख्याने हिस्टामिनमुळे उद्भवत नाही. शिवाय गोळीची सुस्ती दुसऱ्या दिवशीही टिकते. नित्य स्निग्ध लेप आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने ठराविक काळ वापरलेले स्टेरॉइडचे मलम, ही पहिली पायरी. तेवढ्याने न हटणाऱ्या रोगासाठी आता डुपिलुमॅबसारखी इंजेक्शने आहेत. दाहाचे संदेश अडविणाऱ्या या औषधास अमेरिकेत २०१७ मध्ये प्रौढांसाठी आणि २०१९ मध्ये १२ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी संमती मिळाली. त्याच्या चाचण्यांत कंड घटली व झोप सुधारली. परंतु ते महाग आहे, आणि गरीब घरच्या मुलाचे शिक्षण औषधाच्या किमतीवर अडून राहणे समाजाला शोभणारे नाही.

औषधाने गुण वाढतात काय, अशी शंका घेतली जाते. औषध बीजगणित शिकवीत नाही. ते शिकण्याजोगी सकाळ परत देते. बुडालेला अभ्यास भरून काढणे हे शाळेचेच काम. इसब संसर्गजन्य नाही. तेव्हा त्या मुलास वेगळ्या बाकावर बसविण्याचे कारण नाही. त्याला सुती गणवेश, पंख्याजवळची जागा आणि मधल्या सुट्टीत लेप लावण्याची मुभा द्यावी. पेंगणाऱ्या मुलाला ‘अभ्यास केलास का?’ असे विचारण्यापूर्वी ‘रात्री झोप लागली का?’ एवढे विचारावयास खर्च येत नाही.