सोलकॅलिबर : म्यान झालेली तलवार आणि जतनाचा प्रश्न

१/ जपानच्या नामको कंपनीची ‘सोलकॅलिबर’ ही फायटिंग गेमची मालिका सध्या निद्रिस्त आहे. २०१८च्या सहाव्या भागानंतर नवा मुख्य भाग आलेला नाही. सातवा केव्हा येणार, हा चाहत्यांचा नेहमीचा प्रश्न. इतिहासप्रेमींनी मात्र त्याआधी विचारले पाहिजे : जुने भाग आज कुणाला खेळता येतात? #थ्रेड

२/ मालिकेचा आरंभ नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, आर्केडमधील ‘सोल एज’ने झाला. त्या काळी अशा गेममध्ये प्रामुख्याने हातापायांनी लढत असत. येथे प्रत्येकाच्या हाती शस्त्र आले. १९९८च्या ‘सोलकॅलिबर’ने खेळाडूला आठही दिशांनी मोकळेपणाने फिरण्याची मुभा दिली. १९९९ साली तो ड्रीमकास्टवर आला आणि ‘फामित्सू’ या जपानी नियतकालिकाने त्याला ४० पैकी ४० गुण दिले.

३/ कथेचा काळ सोळाव्या शतकाची अखेर. जपानचा सामुराई मित्सुरुगी, अथेन्सची सोफिटिया, स्पॅनिश चाचा सर्वांतेस असे निरनिराळ्या देशांचे योद्धे एका शापित तलवारीच्या शोधात एकमेकांसमोर उभे ठाकतात.

४/ आपल्या ओळखीचे एक शस्त्रही येथे आहे. वोल्डो या इटालियन पात्राच्या दोन्ही हातांत कट्यारी आहेत. मूठ आडवी, पाते मनगटाच्या पुढे सरळ. त्या जोडीची नावे ‘मनस’ आणि ‘आयुस’. भारतीय शस्त्र, संस्कृत वळणाची नावे, इटालियन हात आणि जपानी कल्पना. दूरच्या संस्कृती कशा उसन्या घेतल्या जातात, याचे हे बोलके साधन आहे.

५/ याहून महत्त्वाचा पुरावा कोरियाचा. तेथील आवृत्तीत मित्सुरुगीला वगळून आर्थर नावाचा इंग्रज योद्धा आणला गेला. कारण समजण्यासाठी दोन नोंदी पुरेशा आहेत : १५९२ ते १५९८ या काळातील जपानी स्वाऱ्या आणि १९१० ते १९४५ ही जपानी राजवट. जेथे या आठवणी जिवंत होत्या, तेथे सामुराई नायक म्हणून खपणे अवघड होते.

६/ म्हणजे एकाच गेमचे दोन पाठ झाले. पोथीचे पाठभेद आपण जपून ठेवतो, कारण लेखनिकाने काय बदलले यावरून त्याचा काळ कळतो. गेमच्या पाठभेदांना मात्र असे जतन क्वचितच लाभते.

७/ २००५चा तिसरा भाग घरगुती यंत्रांपैकी केवळ प्लेस्टेशन २वर आला आणि तेथेच राहिला. यंत्र बिघडले की तोही मुका झाला. नीट जपलेला कागद शतकभर टिकू शकतो. येथे वीस वर्षे पुरली.

८/ कंपनीची अडचण खोटी नाही. दुसऱ्या भागात निन्टेन्डोचा लिंक, चौथ्यात ‘स्टार वॉर्स’चा डार्थ वेडर, पाचव्यात ‘असॅसिन्स क्रीड’चा एझिओ असे पाहुणे आले. प्रत्येक पाहुण्याचा मालक वेगळा, त्यामुळे करारही वेगळा. २०१३च्या एचडी आवृत्तीत दुसरा भाग परतला, पण लिंकविना.

९/ तरीही वाट निघते. २०२५मध्ये स्विच २वर दुसऱ्या भागाची गेमक्यूब आवृत्ती लिंकसह उपलब्ध झाली. मात्र ती एकाच कंपनीच्या यंत्रावर आहे, तीही वर्गणी भरेपर्यंतच. याला उपलब्धता म्हणता येईल, जतन नव्हे.

१०/ सहाव्या भागात शेवटचा योद्धा २०२० अखेरीस दाखल झाला : कोरियाचा ह्वांग. त्यानंतर तलवार म्यानातच आहे. ती पुन्हा उपसली जाईल की नाही, हे बाजार ठरवील आणि त्यावर आपला अधिकार नाही.

११/ परंतु सर्व जुने भाग, कोरियन पाठासह, एका संग्रहात द्या, ही मागणी आपण करू शकतो. पाहुणे वगळावे लागले तर तशी स्पष्ट नोंद करावी. नवा भाग दहा वर्षांनी आला तरी चालेल. जुने भाग तोवर नष्ट झाले, तर ज्या वारशाचे नाव तो सांगेल, तो वारसा ताडून पाहण्याचे साधनच उरणार नाही.