रोजा आहे, हे डॉक्टरांना कोण सांगणार?

गेल्या रमजानात असरनंतर आमच्या खालाला चक्कर आली. अंगाला दरदरून घाम, हातांना थरथर. साखर एकदम उतरली होती. मधुमेहाची गोळी तिने सहेरीला नेहमीसारखीच घेतली होती आणि वर दिवसभराचा रोजा. खजूर आणि सरबत देऊन रोजा सोडवला, तेव्हा ती सावरली. "डॉक्टरांना सांगितलं नव्हतंस?" मी विचारलं. "सांगितलं तर ओरडतात, बेटा. आणि त्यांनी विचारलं कुठे?"

विचारणंही शिकावं लागतं. १९८४ साली अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल यांनी दवाखान्यातली संभाषणं तपासली. पेशंट बोलू लागला की सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला मध्येच तोडत होते. आपल्याकडे मेडिकल कौन्सिलने २०१८ मध्ये वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचा 'एटकॉम' हा अभ्यासक्रम तयार केला. २०१९ पासून तो एमबीबीएसचा भाग आहे. आपल्या पनवेलजवळ कामोठ्याला वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या आणि देशभरातल्या मुलामुलींना पहिल्याच वर्षी 'पेशंट असणं म्हणजे काय' हा विषय असतो. सुरुवातीच्या पायाभूत अभ्यासक्रमात स्थानिक भाषाही येते.

"रोजे करू नका," एवढंच म्हटलं की खालासारखी बाई मान डोलावते आणि घरी येऊन सहेरीची तयारी करते. "रमजानात तुम्ही काय करता?" असं विचारलं तर ती खरं सांगते. मग गोळीची वेळ किंवा मात्रा बदलता येते. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन यांनी साखर उतरण्याचा धोका जास्त, म्हणून हे बोलणं रमजानच्या एक-दोन महिने आधीच व्हावं.

अर्धी जबाबदारी आपलीही आहे. गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, रोजे धरणार हे स्वतःहून सांगा. बोटातून रक्त काढून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असं बहुतेक आलिम सांगतात. साखर ७० च्या खाली गेली तर रोजा लगेच सोडावा. आजाऱ्याला कुरआनने सवलत दिलेली आहे. ती घेण्यात कमीपणा कसला?

आणि तुमच्या घरात कुणी एमबीबीएस करत असेल, तर त्याला सुट्टीत नानीजवळ बसवा. तिचं दुखणं मध्ये न बोलता ऐकून घेऊ दे. तेवढा सराव घरातच होईल.

यंदा शाबानमध्येच खाला डॉक्टरांकडे जाऊन आली. या वेळी आधी तीच बोलली.