बुद्धिभ्रम आणि रक्तांतील क्षार

आपल्या खेडोपाडीं एखादा वृद्ध गृहस्थ एकाएकीं असंबद्ध बोलूं लागला किंवा घरच्यांस ओळखीनासा झाला, म्हणजे त्यास वेड लागलें, बाहेरची बाधा झाली, अथवा आतां वय झालें, असें म्हणून मंडळी मोकळी होतात. कोणी देवऋष्याकडे धांवतो, कोणी स्वस्थ बसतो. दोहोंतही अमूल्य वेळ जातो. वस्तुतः हा विकार पुष्कळदां क्षारांच्या बिघाडाचा असतो आणि वेळीं उपचार झाल्यास पूर्ण बरा होतो.

निरोगी माणसाच्या रक्तांत सोडियमचें प्रमाण दर लिटरास १३५ ते १४५ मिलिइक्विव्हॅलंट असतें. हगवण, वांत्या किंवा लघवी वाढविणाऱ्या गोळ्या यांमुळें तें घटूं शकतें. उन्हांत घाम गाळून नुसतें पाणीच अतोनात प्याल्यानेंही घटतें. मग मेंदूच्या पेशींत पाणी शिरून त्या फुगतात, आणि भ्रम, सुस्ती, झटके, बेशुद्धि हीं लक्षणें दिसूं लागतात.

शेतकऱ्यास याचा दाखला गोठ्यांतच मिळेल. नुकतीच व्यालेली दुभती गाय दुग्धज्वरानें मान कुशीकडे वळवून निपचित पडते. हा खरा ज्वर नव्हे. रक्तांतील कॅल्शियम उतरलेलें असतें. पशुवैद्यानें तें शिरेंतून दिलें कीं बहुधा कांहीं तासांच्या आंत गाय उठते. गाईस आपण वेडी म्हणत नाहीं. मग घरच्या माणसाविषयींच चौकशीवांचून निकाल कां?

तथापि घरींच मीठ चारण्याचा उपाय करूं नये, आणि बेशुद्ध माणसाच्या मुखांत कांहींच घालूं नये. कांहीं दिवस उतरलेलें सोडियम झपाट्यानें चढविल्यास मेंदूस कायमची इजा होऊं शकते. म्हणून डॉक्टर बहुधा २४ तासांत ८ ते १० मिलिइक्विव्हॅलंटपेक्षां अधिक वाढ होऊं देत नाहींत. हें काम रुग्णालयाचेंच होय. चालू गोळ्याही आपल्या मनानें बंद करूं नयेत.

घरीं करण्यासारखें आहे तें प्रतिबंधाचें. १९७१ सालीं बनगावच्या निर्वासित छावणींत डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा यांचें पाणी पाजून पटकीचे असंख्य रोगी वाचविले. हगवण लागतांच १ लिटर स्वच्छ पाण्यांत ६ सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून तें थोडें थोडें पाजावें; चमचा चहाचा असावा.

सबब आमची सूचना अशी कीं, प्रत्येक सोसायटीनें क्षार-साखरेच्या पुड्या सदैव शिलकेंत ठेवाव्या. आणि ज्याची बुद्धि अकस्मात् पालटली, त्यास तात्काळ दवाखान्यांत नेऊन रक्तांतील क्षार व साखर आधीं तपासून घ्यावी. वेड हें नांव देण्यास मागाहून पुष्कळ अवकाश आहे.