तपासणी कोणाच्या बोटावर?

घोलवड-बोर्डीकडे चिकूच्या वाडीत कामाला जाणाऱ्या बाईला विचारा, फळ तयार झाले हे कशावरून ओळखता? ती सालीवर नखाने हलकी रेघ ओढून दाखवील. रेघेखाली हिरवे दिसले तर फळ अजून कोवळे; पिवळसर दिसले तर तोडायला हरकत नाही. डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण ही परीक्षा घ्यायला तिला कोणत्याही कागदाची गरज नव्हती. माल पेटीत भरण्यापूर्वी पाहायचा, गिऱ्हाइकाच्या घरी पोचल्यावर नव्हे, एवढे तिला पक्के ठाऊक असते.

संगणकाच्या धंद्यात यालाच टेस्टिंग म्हणतात. प्रोग्राम लोकांच्या हाती देण्यापूर्वी तो मुद्दाम आडवातिडवा वापरून कुठे अडतो ते शोधायचे. ही तपासणी नीट झाली नाही की काय होते, ते आपण रेशनच्या दुकानात दर महिन्याला पाहतो. "अंगठा लागत नाही, उद्या या." ज्या बाईने धान्यासाठी रोजी बुडवली, तिला उद्याही रोजी बुडवावी लागते.

अंगठा का लागत नाही? यंत्र बोटाच्या रेषा टिपते, मोबाइलच्या नेटवर्कवरून आधारच्या मुख्य साठ्याकडे पाठवते, तिथल्या नोंदीशी त्या ताडल्या जातात आणि 'हो' किंवा 'नाही' एवढेच उत्तर परत येते. म्हणजे बोटावर रेषा हव्यात आणि दुकानात रेंज हवी. वीटभट्टीवर, गवंड्याच्या हाताखाली, लोकांची भांडी घासण्यात ज्यांचे आयुष्य गेले त्यांच्या रेषा झिजतात. म्हातारपणी तर त्या पुसट होतातच. तलासरीकडच्या डोंगरातल्या पाड्यांवर रेंज येते नि जाते. ज्याला धान्याची गरज सगळ्यात जास्त, त्याचेच बोट सगळ्यात आधी नापास! देशातला पहिला आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी दिला गेला. योजनेचा आरंभ कष्टकऱ्यांच्या गावात झाला, मग दुकानातले यंत्र त्यांच्या बोटांना का ओळखू नये?

असाच घोळ 2017 साली मुंबई विद्यापीठात झाला. डहाणू-तलासरीची कॉलेजेही याच विद्यापीठाला जोडलेली आहेत. त्या उन्हाळ्यात सगळ्या शाखांच्या उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासायचे ठरले. उत्तरपत्रिका 17 लाखांच्या वर. निकाल लटकले, राज्यपालांनी दिलेली 31 जुलैची मुदतही हुकली, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरू डॉ. संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आले. कुलगुरू गेले, पण निकालाअभावी ज्यांचे पुढचे प्रवेश अडले त्या मुलांच्या गेलेल्या दिवसांचे काय? शेतकरीसुद्धा नवे बियाणे सगळ्या रानात एकदम टाकत नाही. आधी एका तुकड्यात पेरून बघतो आणि जुने बी घरात राखून ठेवतो. शिकलेल्यांना हे का सुचू नये?

आपल्या वस्तीतली मुले-मुली आता ठाण्या-पुण्याकडे टेस्टिंगचा कोर्स करू लागली आहेत. "नुसत्या दुसऱ्याच्या चुका काढायचे काम" म्हणून काही घरांत त्याला नाक मुरडतात. मला हे पटत नाही. आजीबरोबर रेशनच्या रांगेत उभे राहून, चारदा पदराला पुसून लावलेला अंगठा जिने पाहिला आहे, ती मुलगी तपासणीच्या यादीत ओले बोट, भेगाळलेले बोट, सत्तरीच्या म्हातारीचे बोट, मध्येच गेलेली रेंज हे सगळे आपसूक लिहील. गार खोलीत बसून शिकलेल्याला ते सुचायला वेळ लागतो.

आणि तोवर? अंगठा लागला नाही तर हात धुऊन कोरडा करून दुसरे बोट लावून पाहा. नाहीच जमले तर डोळ्याच्या बुबुळाची किंवा मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीची सोय आहे का ते विचारा. केंद्राच्या अन्न खात्याने ऑक्टोबर 2017 मध्येच राज्यांना कळवले आहे की, केवळ अंगठा जुळला नाही या कारणावरून हक्काच्या माणसाचे धान्य नाकारू नये. ओळख पटवून, वहीत नोंद करून ते द्यावे. दुकानदार ऐकत नसेल तर भांडत बसू नका. डहाणूच्या किंवा तलासरीच्या तहसील कचेरीत पुरवठा शाखेकडे लेखी अर्ज करा. कोणत्या तारखेला गेलात, किती वेळा बोट लावले, दुकानदार काय म्हणाला, हे त्यात लिहा. अर्ज दोन प्रतींत न्या, एका प्रतीवर शिक्का-सहीची पोच घ्या आणि ती रेशनकार्डाच्या पिशवीतच ठेवा.