वसुबारसेचा घास

आज वसुबारस. दौंडकडच्या यवत, केडगाव, राहू या पट्ट्यातल्या गोठ्यांत संध्याकाळी गाय-वासराला ओवाळलं जाईल, बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी त्यांच्यापुढे ठेवली जाईल. हा नैवेद्य घासभराचा, गाईला सहज पचणारा. काळजी वाटते ती पुढच्या आठ दिवसांची. सणाच्या पुरणपोळ्या, भात, तळणाचा चुरा असं उरलंसुरलं सगळं प्रेमापोटी पाटीभर दावणीत जातं. त्यातच गळीत हंगाम सुरू होतो, ऊसतोड लागते आणि काल मका-घास खाणाऱ्या गाईपुढे आज नुसते उसाचे वाढे पडतात.

गाईचं कोठीपोट सव्वाशे-दीडशे लिटरचं असतं. त्यातले कोट्यवधी सूक्ष्मजीव चारा आंबवतात आणि त्यांनी तयार केलेल्या आम्लांवरच गाय जगते. तिची लाळही दिवसाला शंभर लिटरच्या वर जाते. रवंथ करताना ती पोटात उतरते आणि आम्लता आटोक्यात ठेवते. पुरण, भात, गव्हाचं पीठ फार लवकर आंबतं, रवंथही कमी होतो. आम्ल वाढतं, चारा पचवणारे जीव मरतात, गाय खाणं सोडते. वाढ्यांचा त्रास वेगळा आहे. त्यातलं ऑक्झलेट चाऱ्यातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, ते गाईच्या अंगी लागत नाही. म्हणून वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडायला आणि रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण द्यायला सांगतात.

पोट फुगलं की आपल्याकडे आधी ओवा, सुंठ, हिंग, काळं मीठ आणि गोडेतेल निघतं. या उपायांना अडाणी म्हणणं अन्यायाचं आहे. गोडेतेल पोटातला फेस मोडतं. ओव्याच्या तेलात थायमॉल असतं, लवंगेत युजेनॉल. दोन्ही जंतूंना आवर घालतात. अमेरिकेत मांसासाठी पोसलेल्या गुरांना भरपूर धान्य चारतात आणि पचन सांभाळायला मोनेन्सिन हे प्रतिजैविक देतात. युरोपने 1 जानेवारी 2006 पासून वाढीसाठी प्रतिजैविकं चारण्यावर बंदी आणली, तेव्हा तिथल्या खाद्य कंपन्या वळल्या त्या थायमॉल, लसूण, दालचिनी अशा वनस्पतिजन्य अर्कांकडे. आपल्याकडे बंगळूरच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने टॅनिनयुक्त वनस्पतींपासून ‘हरित धारा’ हे पूरक खाद्य तयार केलं. गाईच्या ढेकरातून जाणारा मिथेन त्याने 17 ते 20 टक्के घटतो, असं संस्था सांगते. मिथेन म्हणजे चाऱ्यातली वाया गेलेली ताकद. तेव्हा हा प्रश्न हवामानाइतकाच शेतकऱ्याच्या खिशाचाही आहे.

पण घरचा काढा ज्या गाईसाठी होता, ती गाय आता गोठ्यात नाही. शेजारच्या उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी 1967 साली ‘बायफ’ची स्थापना केली आणि संकरित गाय दारोदार पोचली. दौंड-शिरूरच्या कोरडवाहू घरांना तिने दुधाच्या नियमित पगाराची सवय लावली. ते ऋण मोठं आहे. कडब्यावर तीन-चार लिटर दूध देणाऱ्या गाईला चिमूटभर ओवा पुरत होता. वीस लिटर देणारी गाय गोळी पेंड, मका भरडा आणि मुरघासावर उभी असते. तिचं कोठीपोट रोजच काठावर असतं.

पोट बिघडण्याच्या नेमक्या याच भीतीवर आज पुड्या विकल्या जातात. ‘हर्बल’, ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’, ‘दूध वाढवणारं’ असं ठळक छापलेलं असतं. आत कोणती वनस्पती किती ग्रॅम, ते कळत नाही. वनस्पती म्हणजे निरुपद्रवी, हा समज घातक आहे. टॅनिन जास्त झालं तर चाऱ्यातली प्रथिनंच बांधली जातात. लसणाचा वास दुधात उतरतो. प्रयोगशाळेतल्या बाटलीत गुणकारी ठरलेला अर्क गाईच्या पोटात काही आठवड्यांत निष्प्रभ होऊ शकतो, कारण सूक्ष्मजीव त्याला सरावतात. आणि अशा अर्कांचे परदेशातले बरेचसे आकडे मक्या-बार्लीवर पोसलेल्या गुरांचे आहेत. आमच्या गाई वर्षातले चार-पाच महिने वाढे खातात. त्या वाढ्यांबरोबर ओवा, मेथी, शतावरी किती आणि किती दिवस द्यायची, याच्या चाचण्या शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाने आणि बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राने इथल्या गोठ्यांत घ्यायला हव्यात, आणि निकाल दूध संकलन केंद्राच्या भिंतीवर लागायला हवेत. पुडीवर घटक आणि प्रमाण छापणं सरकारने सक्तीचं करावं. ते होईपर्यंत दूध संस्थांनी अशी निनावी पुडी आपल्या दुकानात ठेवू नये.

गोठ्यातल्या माउलींना आमची विनंती एवढीच आहे. आज गाईला भाकरीचा एकच घास द्या. उरलेलं पुरण दावणीत टाकू नका. वाढे आठ-दहा दिवसांत थोडे थोडे वाढवत न्या, सोबत कडबा ठेवा. आणि डावी कूस फुगलेली दिसली तर नळीने घाईघाईत काढा पाजू नका, तो फुप्फुसात उतरला तर गाय हातची जाते. आधी डॉक्टरांना फोन करा.