वैद्यकाच्या शेजारची चित्रशाळा

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात वैद्यक विद्याशाखा आहे आणि १९५० मध्ये सुरू झालेली ललितकला विद्याशाखाही. नारायण श्रीधर बेंद्रे यांनी जिथे चित्रकारांच्या पिढ्या घडविल्या, ती शाळा भावी डॉक्टरांच्या शेजारी आहे.

हा शेजार आठवण्याचे कारण म्हणजे २०१९ पासून लागू झालेला एमबीबीएसचा क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम. त्यात वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांसाठी ‘एटकॉम’ हा स्वतंत्र भाग आला. रुग्ण असणे म्हणजे काय, शवविच्छेदनाच्या टेबलावरचा देह हा पहिला गुरू कसा, असे प्रश्न पहिल्याच टप्प्यात येतात. प्रश्न उत्तम आहेत. पण शिकविणार कोण? बहुधा शरीरक्रियाशास्त्राचा अध्यापक, आपला विषय संपवता संपवता. साहित्याचा वा चित्रकलेचा अध्यापक वर्गात यावा, अशी सक्ती नाही. मग करुणाही लॉगबुकातील सहीपुरती उरण्याचा धोका संभवतो.

कला म्हणजे डॉक्टरांचा विरंगुळा, ही समजूतही आड येते. येल विद्यापीठात विद्यार्थ्यांना संग्रहालयातील चित्रे बारकाईने पाहावयास लावली, तेव्हा रुग्णांच्या छायाचित्रांतील खुणा टिपण्याची त्यांची क्षमता वाढली. हा अभ्यास २००१ मध्ये ‘जामा’त प्रसिद्ध झाला. पाहणे शिकावे लागते, हे बेंद्र्यांच्या विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगावे लागले नसते.

गोव्यात बांबोळीला वैद्यक महाविद्यालय आहे, आल्तिनोला कला महाविद्यालय. १८४२ पासूनची वैद्यक शिक्षणाची परंपरा सांगणाऱ्या आपल्या राज्याने आठवड्यातून एक तास रेखाटनाचा अध्यापक बांबोळीला बोलावला, तर नवी इमारत लागणार नाही. लागेल ती मानधनाची तरतूद आणि वेळापत्रकात जागा.